पुढच्यांचा वाटा

बल्लारपूरच्या लाकूड डेपोत लिलावाच्या दिवशी व्यापाऱ्यांकडे बघत राहावं. सागाच्या लठ्ठ्यापुढे ते उकिडवे बसतात, पोकळी आहे का ते तपासतात, टेप लावून गोलाई घेतात, अंगठ्याने घासून लाकडाचा रंग बघतात. लठ्ठ्यावर घातलेला नंबर, वन खात्याच्या हातोड्याची खूण, थप्पीचा भाव, एवढ्यावर त्यांचं काम भागतं. वलयं मोजायचं त्यांना कारण नाही. दाराची रुंद फळी निघेल अशी गोलाई धरायला सागाला साठ-सत्तर वर्षं सहज लागतात, चांगल्या लाकडाला त्याहून जास्त. म्हणजे विरळणीच्या वेळी शेजारची झाडं काढून ज्या मजुराने या झाडाला उजेड मिळवून दिला, तो आज डेपोत यायला बहुधा उरलेला नाही. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथून सागवान गेलं. लाकडाची पूजा झाली, मोठी शोभायात्रा निघाली. त्या मजुराचं नाव कुणी घेतलं नाही. घेणार तरी कुठून? कुठल्यातरी जुन्या हजेरीपटात ते वाळवीने खाल्लं असेल.

आपण कोण असणार हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. पुढच्या पिढीसाठी काही करतोय असंही त्याच्या मनात नसावं. त्याला रोजी हवी होती. तरी त्याच्या कामाचं फळ आपल्या हाती आलं. मग आपल्या कामाचं फळ, बरं किंवा वाईट, ज्यांच्या पदरात पडणार आहे त्यांचं आपण काही देणं लागतो का? पुस्तकात वाचला की हा प्रश्न फार लांबचा वाटतो. आमच्या भागात तो राहत्या घराच्या जोत्याखाली असतो.

२६ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. चंद्रपूरजवळच्या घुग्घूसमध्ये, आमराई वॉर्डात, एक राहतं घर जमिनीत गेलं. घरातली माणसं आवाजाने बाहेर धावली म्हणून वाचली, आणि बघता बघता अख्खं घर साठ-सत्तर फूट खोल खड्ड्यात नाहीसं झालं. आसपासच्या शंभराहून अधिक कुटुंबांना तिथून हलवावं लागलं. त्या वस्तीखाली इंग्रजांच्या काळातल्या भूमिगत खाणी आहेत. अशा खाणीत सगळा कोळसा काढत नाहीत. मधेमधे त्याचेच खांब सोडतात आणि त्या खांबांवर वरची जमीन उभी राहते. कोळसा निघालेल्या पोकळीत वाळू भरली तर वरचं गाव निर्धास्त झोपतं. नाही भरली, तर खांब पाण्याने, वयाने झिजत राहतो आणि एखाद्या पावसाळ्यात हात टेकतो.

ज्यांनी तो कोळसा काढला ते कधीच गेले. ज्या इंजिनांत तो जळला ती भंगारात निघाली. त्या वाफेवर जो माल गेला आणि जो नफा झाला, त्याचा आता पत्ताही लागायचा नाही. आणि उरलेली बाकी भरायला बोलावलं कुणाला, तर खाण खोदली गेली तेव्हा जन्मालाही न आलेल्या एका घराला. नैतिक जबाबदारी वगैरे जड शब्द मी वापरणार नाही. खालची पोकळी भरून ठेवायला हवी होती, एवढंच म्हणते.

बल्लारपूरला कोळसा नवा नाही. गावालगतची कॉलरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. वर्धा नदी ओलांडली की राजुरा तालुक्यातली सास्ती. इथे आता उघड्या खाणींचं राज्य आहे. उघड्या खाणीत पोकळी लपून राहत नाही, पण आधी वरची माती उचलून कुठेतरी टाकावी लागते. तिचे डोंगर नदीकाठाने उभे राहिलेत. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली झाडं गाडली गेली, दबली, काळी झाली, तेव्हा कुठे हा थर तयार झाला. वेकोलि या कोळसा कंपनीचे डंपर तो अहोरात्र उपसतात. कोळसा जवळच्या चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्रात जातो. २९२० मेगावॅटचं ते केंद्र. वीज मुंबई-पुण्यापर्यंत पोचते, राख इथेच राहते. मे महिन्यात इथला पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसवर जातो तेव्हा दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. आज जन्मणारं मूल साठीला येईल तेव्हाचा मे कसा असेल, हे मला बघायचं नाही आणि मी बघणारही नाही. नेमकी तिथेच अडचण आहे. ज्याला ऊन लागणार तो बैठकीला हजर नाही.

सरकारला हे कळलंच नाही असं नाही. २००९ साली कोळसा मंत्रालयाने नियम केला की प्रत्येक खाणीची ती बंद करण्याची योजना आधीच तयार हवी आणि त्यासाठीचे पैसे बँकेत वेगळ्या खात्यात अडकवून ठेवायला हवेत. त्या वेळी उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी एक लाख असा दर होता. खाण चालू असतानाच तिच्या शेवटाची तजवीज, ही कल्पना मला आवडते. आपल्याकडे माणसंही अशीच वागतात. किती म्हातारी माणसं आपल्या दिवसकार्याचे पैसे वेगळे गाठीला बांधून ठेवतात. फरक एवढाच की म्हातारीच्या पैशाला कुणी हात लावत नाही.

आता एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती माझ्याच घरातली आहे.

माझे वडील पेपरमिलमध्ये होते. ही मिल १९४५ साली स्थापन झाली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूवर वाढली. आजोबा नागभीडकडचं भाताचं शेत भावांवर सोडून कामाच्या शोधात इथे आले. त्यांच्यासारखेच तेलंगणातून, छत्तीसगडातून, उत्तर प्रदेशातून लोक आले. मिल, कॉलरी आणि रेल्वे या तीन दारांनी हे गाव भरलं. आईचं माहेर रेल्वे क्वार्टरमधलं. मिल नसती तर वडील इथे नसते, त्यांचं लग्न आणखी कुणाशी झालं असतं, आणि मी नावाची बाई जगात आली नसती. डेरेक पार्फिट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९८४ साली एका पुस्तकात हाच पेच मांडला. आपण जे निर्णय घेतो त्यांमुळे पुढे कोण जन्मणार हेच बदलतं. मग पुढे जन्मलेल्याने तक्रार करायची कुणाविरुद्ध? ज्या निर्णयाने त्याचं नुकसान झालं, त्याच निर्णयाने तो जन्माला आला.

हा पेच मला बरेच दिवस अडवून होता. जंगल तोडलं गेलं नसतं तर मी नसते. मग तोडलं म्हणून मी बोट कसं दाखवू? आता वाटतं, या युक्तिवादात चलाखी जास्त आहे. घुग्घूसच्या त्या घरातलं कुणी खाणीत काम करायला आलेल्या मजुराचं नातवंड असू शकेल. खाण नसती तर ते जन्मलं नसतं, हे खरं. म्हणून त्याच्या स्वयंपाकघराखाली पोकळी ठेवायला परवानगी मिळते का? मूल कुणाचंही जन्मो, त्याच्या पायाखाली जमीन घट्ट हवी. ते नाव-गाव घेऊन येईपर्यंत थांबायची गरज नाही. विहिरीला कठडा बांधताना आत कुणाचं पोर पडणार आहे हे आपण विचारत नाही.

सागाकडे परत येते, कारण तिथे एक वेगळीच गोम आहे. या जिल्ह्यांत भविष्याचा विचार झाला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. उलट इंग्रजांच्या वन खात्याइतका लांबचा विचार क्वचितच कुणी केला असेल. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली, मग त्यांचे आराखडे झाले. कुठल्या कूपात कुठल्या वर्षी तोड, कुठे विरळणी, कुठे विसावा, हे दशकांच्या हिशेबाने ठरलं. भामरागडच्या वाटेवर आलापल्लीजवळ सागवानाच्या जुन्या जंगलाचा एक लहानसा तुकडा १९५३ पासून हात न लावता राखून ठेवलाय. ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणतात त्याला. २०१४ साली तो राज्याचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झाला. सहा हेक्टर फक्त. तिथे उभं राहिलं की मान मागे टाकूनही शेंडा दिसत नाही.

पण हा सगळा दूरचा विचार करताना जवळचा माणूस बाहेर ठेवला गेला. जंगल पुढच्यांसाठी राखायचं म्हणून आजच्या माडियाने, गोंडाने लाकूड आणलं तर तो चोर. गुरं शिरली तर कोंडवाडा. तेंदू, मोहा, बांबू, सगळ्याला परवाना. आणि त्याच जंगलातला बांबू दशकानुदशकं करारावर कागदाला जात होता, ज्या कागदावर हे नियम छापले जात. भविष्याच्या नावाने आजच्या गरिबाला हाकलता येतं, हे आमच्या जंगलांनी बघितलंय. म्हणून ‘पुढच्या पिढ्यांसाठी’ असं कुणी मंचावरून म्हणू लागलं की मी आधी विचारते, आज कुणाचं काय काढून घेणार आहात?

आमच्या गल्लीत एक बाई होत्या. उमेदीत बांबूकटाईला जायच्या, नंतर घरीच सुपं-टोपल्या विणायच्या. पुढच्यांसाठी जंगल वाचवा, अशी पत्रकं वाटणारी मंडळी एकदा दारात आली. बाईंनी विणता विणताच सांगितलं, “आधी आजचा चुला पेटू द्या बाप्पा, मंग उद्याच्या लेकरायचं पाहू.” मंडळींना ते अडाणीपणाचं वाटलं. मला नाही वाटत. ज्याच्या घरी संध्याकाळची सोय नाही त्याला शंभर वर्षांनंतरच्या मुलासाठी काटकसर करायला सांगणं यात मला नीती दिसत नाही. पण बाईंच्या बोलण्याला एक दुसरी बाजू आहे. ती मला कळली ती बल्लारपूरपासून फार लांब नसलेल्या पाचगावमुळे.

पाचगाव गोंडपिपरी तालुक्यातलं. लहान गाव, बहुतेक वस्ती गोंडांची. पूर्वी इथले लोक मजुरीसाठी परमुलखात जायचे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावाला १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मग गावाने बसून स्वतःचे नियम केले, मताला टाकून नाही तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलून. बांबू आता गाव स्वतः तोडतं, स्वतः विकतं. बांबू तोडायचीही एक रीत आहे. पावसाळ्यात बेटातून वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, वर येतात. आमच्याकडे त्यांची भाजी करतात. पण सगळेच वास्ते खाल्ले तर पुढे बेट संपलं. यंदाची, गेल्या वर्षीची कोवळी काठी ठेवायची, जून तेवढी काढायची. तीही बुंध्याला पेराच्या वर छाटायची, नाहीतर पाणी शिरून बेट सडतं. ठेकेदाराच्या मजुराला ट्रक भरायचा असतो, तो पुढून लागेल ते तोडतो. ज्याला तीन वर्षांनी त्याच बेटाशी परत यायचंय तो बघून तोडतो.

पाचगावने पुढे जे केलं त्याने मी चाट पडले. तेंदूपत्ता बंद. उन्हाळ्यात हाताशी येणारा रोख पैसा म्हणजे तेंदूपत्ता. झाडीपट्टीत कित्येक घरांचं वर्षाचं मीठ-मिरची त्यावर निघतं. पण पत्ता चांगला फुटावा म्हणून झाडं छाटतात, जंगलाला आगी लावतात. गावाने हिशेब केला आणि तेंदू तोडणं सोडून दिलं. झाडांना फळं धरू लागली, पाखरं येऊ लागली. शिवाय सुमारे चौतीस हेक्टर जंगल कुणीच काही घ्यायचं नाही म्हणून वेगळं काढलं, देवराईसारखं. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या गावाबद्दल पुष्कळ लिहिलंय. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाची गोष्ट महाराष्ट्राला जास्त माहीत आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं, कागद कारखान्यासाठी होणाऱ्या ओरबाडीला नव्वदच्या दशकातच अडवणारं, २००९ साली जंगलावर हक्क मिळवणारं आणि २०११ साली स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः फाडणारं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. पाचगाव त्या मानाने मुकं राहिलं.

टोपल्या विणणाऱ्या बाईंना मी आता असं उत्तर देईन: चुला आणि उद्याची लेकरं यांचं भांडण नाही. ज्या गावाला जंगल आपलं झालं, त्या गावाचा चुलाही पेटला आणि उद्याचंही राखलं गेलं. ज्याला वर्षभराचा ठेका मिळतो तो वर्षापुरतं बघतो. नातवाच्या हाती देता येईल असा हक्क मिळाला की माणूस नातवापर्यंत बघतो. न जन्मलेल्यांबद्दल प्रेम वाटावं लागत नाही. हक्क पुरतो. गडचिरोलीत आज हजाराहून जास्त गावांकडे असा हक्क आहे. ती सगळी गावं पाचगाव होतील असं नाही. काहींनी बांबू जुन्या ठेकेदारांनाच परत विकला, भांडणं झाली, पैशांचे घोळ झाले. तरी पुढच्यांची बाजू घेणारं कुणी असेल तर ते तिथे असेल, मंत्रालयात नाही.

आजोबांच्या गावाकडची एक आठवण इथे येतेच. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, असा रिवाज होता म्हणतात. कोहळी लोकांनी असे तलाव शेकड्यांनी बांधले. दोन-तीनशे वर्षांची पाळ अजून पाणी धरून आहे, अजून त्या पाण्यावर धान पिकतं. या तलावांच्या मालकांचे, मालगुजारांचे, गोडवे मी गाणार नाही. पाळीवर माती वाहणाऱ्यांच्या पाठीचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गाळ काढणं हे कुणाचंच काम उरलं नाही. आजोबांच्या गावचा तलाव मी लहानपणी पाहिला तेव्हा मधोमध बेशरम वाढली होती. हक्क गेला तिथे जबाबदारीही गाळात गेली.

कोळशाला मात्र हे औषध लागू पडत नाही. बांबूचं बेट बघून तोडता येतं, तलावातला गाळ काढता येतो, सागाची विरळणी करता येते. कोळसा कसाही काढला तरी परत येत नाही. तो एकदाच खायचा माल आहे, आणि आपण एक-दोन पिढ्या मिळून तो खाऊन टाकणार आहोत. वारसाची जमीन विकली तर निदान पैसे तरी कुठेतरी गुंतवावेत, हा शहाणपणा आपल्या घराघरांत आहे. गावकीच्या, जिल्ह्याच्या मालाला तो लागू का नाही?

गोव्यात तो लागू झाला. लोहखनिजाच्या खाणींवरच्या खटल्यात एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खनिज विक्रीच्या रकमेचा दहा टक्के भाग एका कायमच्या निधीत जायला हवा, पुढच्या पिढ्यांच्या नावाने. खटला लढवला गोवा फाउंडेशनने. दहा टक्के ही रक्कम कमी आहे असं त्यांचं म्हणणं. मलाही तसंच वाटतं. पण न जन्मलेल्यांच्या नावाने आपल्या शेजारच्या राज्यात एक बँक खातं निघालं, ही साधी गोष्ट नाही.

आमच्याकडे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने जुन्या खाणपट्ट्यांच्या रॉयल्टीच्या तीस टक्क्यांइतकी रक्कम त्यात येते, खाणबाधितांसाठी. चंद्रपूर हा कोळशाचा जिल्हा, पैसा भरपूर येतो आणि खर्चही होतो, रस्त्यांवर, इमारतींवर, दवाखान्यांवर. आजच्या खाणबाधितांचा त्यावर पहिला हक्क आहे, यात वाद नाही. धुळीत जगणाऱ्याला आज औषध हवं. पण मिल मध्यंतरी बंद पडली तेव्हा बल्लारपूरचा बाजार कसा ओस पडला ते आम्ही पाहिलंय. क्वार्टरला कुलपं लागली, किराणेवाल्यांच्या वह्या उधारीने भरल्या, पोरं पुण्याला गेली. कोळसा संपेल तेव्हा सगळ्या जिल्ह्याचं तसं होईल, आणि त्या दिवशी इथे राहणाऱ्यांचा कोळशाच्या एका पैशातही वाटा नसेल.

म्हणून चंद्रपूर, राजुरा, बल्लारपूर, भद्रावती, वरोरा इथल्या ग्रामसभांना आणि नगरपालिकांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत एक ठराव घ्या: कोळशाच्या पैशातला काही हिस्सा आपल्या हयातीत मोडता येणार नाही अशा निधीत टाकावा, त्याचं फक्त व्याज वापरावं, आणि बंद झालेल्या प्रत्येक भूमिगत खाणीवर आज कुठली वस्ती उभी आहे याचा नकाशा लोकांसमोर ठेवावा. ठरावाला एक रुपया लागत नाही. नकाशाला थोडे लागतील, ते खनिज प्रतिष्ठानाच्या पैशातूनच द्या.